चोपन्न लिटर दूध: शून्यापासून प्रोग्रामिंग शिकण्याचं एक प्रकरण

सकाळचं दूध पाच लिटर, संध्याकाळचं चार. संगणकानं बेरीज दाखवली चोपन्न. वहिनी क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि मग व्हिडिओ कॉलवर मला म्हणाल्या, "भावजी, एवढं दूध देणारी गाय कुठं मिळते तेवढं सांगा, उद्याच आणते."

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते याच चुकीमुळे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. नवशिक्यानं आधी कुठली भाषा शिकावी यावर आमच्या धंद्यात माणसं जेवण थंड होईपर्यंत वाद घालतात. कॉलेजमध्ये असल्यापासून मीही घातले आहेत. वहिनींना शिकवताना त्या वादातलं काहीच उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडलं ते एवढंच, की आम्ही घेतलेल्या हिशेबाचं उत्तर त्यांना आधीपासून माहीत होतं. बेरीज चोपन्न आल्यावर संगणक चुकला हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

माझी ही चुलत वहिनी वाळवा तालुक्यात राहते. वय ४१, शिक्षण बारावी कॉमर्स, मराठी माध्यम. लग्नानंतर एमएस-सीआयटी केलेलं, म्हणजे वर्ड आणि एक्सेलची तोंडओळख. घराच्या पडवीतच दूध संकलन केंद्र आहे आणि तिथली वही गेली नऊ वर्षं त्याच लिहितात. ६३ जण दूध घालतात, बहुतेक गाईचं. दर वेळेला लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांची नोंद होते. फॅट मशीन चिठ्ठी देतं, पण पुढचं सगळं हातानं: दरपत्रकात बोट ठेवून दर शोधायचा, कॅल्क्युलेटरवर गुणायचं, वहीत लिहायचं. बिल दहा दिवसांचं. म्हणजे ६३ जण, दिवसाला दोन वेळा, दहा दिवस: १२६० गुणाकार, आणि त्यातून प्रत्येकाची पेंडीची बाकी आणि उचल वजा. महिन्यात हे तीनदा. बिलाच्या आदल्या रात्री त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

तयार सॉफ्टवेअर बाजारात मिळतं आणि तसं मी सुचवलंही होतं. दादाची हरकत पैशाची होती. वहिनींची वेगळी. "ते आतून काय करतंय ते मला कसं कळणार? उद्या कुणी विचारलं, माझे बारा रुपये कमी का, तर काय सांगू, मशीननं सांगितलं?"

आधीचा प्रयत्न

दोन वर्षांपूर्वी त्यांनी तालुक्याच्या गावी एक क्लास लावला होता. तिथं सी भाषा शिकवायचे. भाषेत वाईट काही नाही. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये ती घडवली आणि आजचं निम्मं जग तिच्यावर उभं आहे. पण क्लासमध्ये ती शिकवली जात होती टर्बो सी नावाच्या निळ्या पडद्यावर, जो विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या जमान्यातला आहे आणि आताच्या विंडोजवर चालवायला डॉसचं सोंग करणारा वेगळा प्रोग्राम लागतो. वहिनींची ती वही मी पाहिली. प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर त्याच चार-पाच ओळी, पूजेच्या संकल्पासारख्या. 'एसटीडीआयओ डॉट एच', 'कोनिओ डॉट एच', 'व्हॉइड मेन', मग पडदा पुसणारी ओळ. त्यांचा अर्थ काय असं विचारल्यावर सरांनी सांगितलं होतं, "ते तसंच लिहायचं असतं."

त्यातली 'कोनिओ' ही ओळ सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीत नाहीच, आणि 'व्हॉइड मेन' हे रूप प्रमाण सीनं सांगितलेलं नाही. पण मुद्दा तो नाही. सहा आठवडे त्या बाईनं अर्थ न कळता ओळी उतरवल्या, मूळ संख्या काढल्या, चांदण्यांचे त्रिकोण छापले, आणि स्वतःबद्दल एक निष्कर्ष काढला: मला जमणारं नाही. मूळ संख्या कशाला लागतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्रिकोण तर कुणालाच लागत नाहीत.

गणपतीला मी गावी गेलो तेव्हा बिलाची रात्र होती. त्यांचं बोट दरपत्रकावरून सरकत होतं. मी विचारलं, "वहिनी, हे जे तुम्ही करताय ते मला तोंडी सांगा. मला काहीच येत नाही असं समजून."

त्यांनी सांगितलं. मी कागदावर उतरवलं. "वहीतलं नाव घ्यायचं. एक तारखेची सकाळ बघायची. लिटर किती, फॅट किती. पत्रकात दर बघायचा. गुणायचं. मागच्यात मिळवायचं. संध्याकाळ बघायची, तसंच. दहा तारीख संपली की थांबायचं. पेंड वजा, उचल वजा. खाली सही." मग थोडं थांबून, "दूध आलंच नसेल तर रेघ मारायची, गुणायचं नाही."

हा प्रोग्रामच होता. लूप होता, म्हणजे तेच ते काम परत परत करणं, अट होती, साठत जाणारी बेरीज होती. शेवटचं वाक्य तर असं, की नोकरीत पहिल्या वर्षी असलेली कितीतरी मुलं ते विसरतात. रिकाम्या जागेचं काय करायचं हे वहिनींनी न विचारता सांगितलं होतं.

पहिले आठवडे

पायथॉन घेतली. कारण साधं: डोक्यावरच्या अनाकलनीय ओळी लागत नाहीत. गिडो व्हॅन रॉसम या डच माणसानं ती १९९१ मध्ये लोकांसमोर आणली आणि पहिल्या ओळीपासून माणूस कामाचं काही लिहू शकतो. लिहायला थॉनी नावाचा फुकट संपादक घेतला, एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेला. त्याच्यासोबत पायथॉन आपोआप येते, त्यामुळे ती वेगळी बसवताना 'पाथ'च्या चौकटीत खूण करायची राहिली आणि पहिला दिवस त्यातच गेला, असा जो ठरलेला प्रकार असतो तो टळला. शिवाय थॉनीत प्रोग्राम एकेक पायरीनं चालवता येतो आणि बाजूला कुठल्या नावात आत्ता कोणती किंमत आहे ते दिसत राहतं. वहीची सवय असलेल्या माणसाला हे फार मानवतं.

रोज सकाळचं दूध गेल्यावर नऊ ते साडेनऊ त्यांचा सराव, रविवारी रात्री माझ्याशी कॉल, असं चौदा आठवडे चाललं. मधले दोन दिवाळीत गेले.

चोपन्न लिटर दुसऱ्या आठवड्यातलं. पायथॉनला 'इनपुट' म्हटलं की ती कीबोर्डवरून आलेली गोष्ट अक्षरं म्हणून घेते, संख्या म्हणून नाही. पाच आणि चार ही दोन अक्षरं जोडली की ५४. खरी गंमत पुढं होती. आम्ही दर धरला होता ३३ रुपये. अक्षरांना ३३ नं गुणलं तर पायथॉन कुरकुर करत नाही, ती अक्षरं ३३ वेळा ओळीनं लिहून काढते. ५४५४५४ करत ६६ आकडी बिल पडद्यावर आलं.

"एवढं बिल द्यायचं तर डेअरी विकावी लागेल," वहिनी म्हणाल्या. मग आपणहून विचारलं, "याला आकडा आणि अक्षर यातला फरक कळत नाही का?"

कळतो, पण सांगावा लागतो. 'इंट'नं (पूर्णांक) किंवा 'फ्लोट'नं (दशांश चिन्हाची संख्या) संख्या करून घ्यावी लागते. हीच गोष्ट मी आधी पाच मिनिटं समजावून सांगितली होती, डेटा टाइप वगैरे शब्द वापरून. ती वाऱ्यावर गेली होती. ६६ आकडी बिलानंतर ती त्यांना पुन्हा सांगावी लागली नाही.

तिसऱ्या आठवड्यात बरोबरीच्या चिन्हावर आम्ही अडलो. ओळ होती: एकूण बरोबर एकूण अधिक लिटर. बारावीपर्यंत गणित केलेल्या बाईनं तिला सरळ आक्षेप घेतला. "दोन्हीकडून एकूण उडवलं तर लिटर शून्य होतात. म्हणजे दूध आलंच नाही." अगदी बरोबर आक्षेप आहे. मी डबे, खोकी, खोक्यात टाकलेल्या गोष्टी असली नेहमीची उदाहरणं देऊन बघितली. त्यांना पटेना. शेवटी वहीनंच सुटका केली. खतावणीच्या पानाच्या डोक्यावर काय लिहिता? मागील बाकी. तळाला? मागील बाकी अधिक या पानाची बेरीज, आणि तीच पुढच्या पानाच्या डोक्यावर. "म्हणजे उजवीकडचं एकूण जुन्या पानावरचं, डावीकडचं नव्या पानावरचं," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी हे इतकं स्वच्छ कुठं वाचलेलं नाही.

भाषेचा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून तोही सांगतो. पायथॉनच्या तिसऱ्या पिढीत व्हेरिएबलची, म्हणजे ज्यात किंमत ठेवतो त्यांची, नावं देवनागरीत चालतात. 'दर', 'लिटर', 'फॅट' असं लिहून बघितलं, प्रोग्राम पळाला, वहिनी खूश. पण दर दोन शब्दांना कीबोर्ड मराठीतून इंग्रजीत न्यायचा आणि परत आणायचा हे दमवणारं असतं. शिवाय 'शेतकऱ्याचे_बिल' या नावाला एरर आली. त्या कीबोर्डनं 'ऱ्य' जोडताना मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घातलं होतं, आणि नावात ते पायथॉनला चालत नाही. डोळ्यांना दिसतच नाही ती चूक नवशिक्यानं शोधायची कशी? त्यानंतर वहिनी नावं मराठीच ठेवू लागल्या, पण रोमन अक्षरांत.

एका गोष्टीनं मात्र मलाच चकित केलं. एकदा इनपुटच्या वेळी मराठी कीबोर्ड चालूच राहिला आणि त्यांनी देवनागरी १२ टाकले. मी एररची वाट बघत होतो. आली नाही. 'इंट'ला देवनागरी अंक कळतात, 'फ्लोट'लाही. प्रोग्रामच्या ओळीत थेट देवनागरी आकडा लिहिला तर मात्र तो चालत नाही. हे मला माहीत नव्हतं. वहिनींना याचा फार आनंद झाला, आणि त्यानंतर माझ्या चुका काढायची त्यांची भीड चेपली.

एररचं इंग्रजी हा मोठा अडसर ठरेल असं मला वाटलं होतं. ठरला नाही, कारण एरर येतात त्याच त्या. वहिनींनी वही घातली: डावीकडे एररची शेवटची ओळ जशीच्या तशी, उजवीकडे आपल्या शब्दांत अर्थ. आधी शेवटची ओळ वाचायची आणि मग ओळीचा क्रमांक बघायचा, एवढंच मी सांगितलं होतं. 'नेमएरर'पुढं त्यांनी लिहिलंय: "या नावाचं खातं नाही, बहुतेक स्पेलिंग." 'इंडेंटेशनएरर'पुढं: "समास चुकला." एकदा त्यांनी प्रोग्राम वर्डमध्ये जपून ठेवला आणि तिथून परत चिकटवला. वर्डनं सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून ठेवली होती, पायथॉननं ती नाकारली. त्यापुढं नोंद आहे: "वर्डमध्ये ठेवू नये. शहाणपणा करतं."

दहावा दिवस

लूपचा धडा मी फार सावधपणे आखला होता, तरी गडबड झालीच. पायथॉनला एक ते दहा असं म्हणायचं म्हणून त्यांनी 'रेंज'मध्ये १ आणि १० लिहिलं. पुस्तकातल्या उदाहरणात ही चूक लक्षात यायला वेळ लागतो. इथं त्यांनी पहिला हिशेब स्वतःच्या घरच्या खात्याचा लावला होता आणि बिल एका दिवसाच्या दुधाएवढं कमी आलं. "माझी दहा तारीख खाल्ली यानं."

रेंज शेवटचा आकडा धरत नाही. १ ते १० म्हटलं की नवावर थांबते. का, हा प्रश्न रास्त आहे आणि "ते तसंच असतं" हे उत्तर मला द्यायचं नव्हतं, कारण तेच उत्तर ऐकून त्या एकदा बाहेर पडल्या होत्या. एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये हातानं लिहिलेलं एक छोटं टिपण आहे. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा, या रीतीत काय सोय आहे ते त्यात मांडलंय: शेवटातून सुरुवात वजा केली की थेट नग मिळतात, आणि एक तुकडा जिथं संपतो तिथंच पुढचा सुरू होतो. मी ते वहिनींच्या कामाला लावून दाखवलं. पहिलं बिल १ ते ११, दुसरं ११ ते २१, तिसरं २१ पासून महिना संपल्यावरच्या आकड्यापर्यंत. तिसरं बिल कधी दहा दिवसांचं, कधी अकरा, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ. ती डोकेदुखी त्यांची जुनीच.

त्यांनी मान हलवली. "म्हणजे एक तारखेपासून अकरा उजाडेपर्यंत." उजाडलं की थांबायचं, त्या दिवसाचं दूध पुढच्या बिलात. मी आता ऑफिसमधल्या नव्या मुलांनाही असंच सांगतो.

माझ्या चुका

सहाव्या आठवड्यात एका रात्री मला घाई होती. त्यांचा प्रोग्राम कुठंतरी अडकला होता. मी दुरून त्यांच्या संगणकाचा ताबा घेतला, चार ओळी बदलल्या, चाललं. वर उत्साहाच्या भरात सगळ्या ६३ खात्यांसाठी डेटाबेस कसा असावा तेही सांगितलं, आणि दोन फंक्शनं लिहूनसुद्धा दिली. त्या "हो, हो" म्हणत राहिल्या.

पुढच्या रविवारी कॉल आला नाही. त्याच्या पुढच्याही. मी फोन केला तेव्हा दादा म्हणाला, ती परत वहीच लिहितेय. वहिनींनी जे सांगितलं ते असं: "तुमचं चालतंय, माझं नाही. त्यात काही बिघडलं तर मला हात लावायची भीती वाटते." क्लासच्या सरांनी केलं तेच मी जास्त प्रेमानं केलं होतं. माझ्या ओळी आम्ही पुसून टाकल्या आणि त्यांचा अडकलेला प्रोग्राम परत काढला. चूक एका ओळीत होती, बेरीज लूपच्या आत शून्यावर नेली जात होती. थॉनीत एकेक पायरी चालवत त्यांनी ती वीस मिनिटांत पकडली: "दर पानाला मागील बाकी शून्य लिहिलीय मी." मला ती दोन मिनिटांत दिसली असती. पण त्या वीस मिनिटांत मी तोंड बंद ठेवून चहा प्यालो, आणि चौदा आठवड्यांतलं माझं सगळ्यात कठीण काम तेच होतं.

याच सुमारास पुतण्यानं एक पराक्रम केला. एका एआय चॅटबॉटला सांगून त्यानं मिनिटात अख्खा प्रोग्राम आणला. दिसायला देखणा, रंगीत. वहिनींनी त्यावर एकाच खात्याचा हिशेब लावला आणि बिल जास्त आलं. कारण शोधायला त्यांना माझी गरज लागली नाही. त्या प्रोग्राममध्ये दिवसाच्या दोन्ही वेळच्या फॅटची सरसकट सरासरी काढून ती एकूण लिटरला लावली होती. सकाळी ८ लिटर, फॅट ३.५, संध्याकाळी २ लिटर, फॅट ४.५. सरासरी ४.० दिसते, पण दूध बहुतेक सकाळचं आहे. ३.५ ला ३३ रुपये आणि पुढच्या दर पॉइंटला (०.१ फॅटला) ३० पैसे धरले, तर खरं बिल २६४ अधिक ७२, म्हणजे ३३६ रुपये. त्या प्रोग्राममध्ये ३४५. पुतण्या कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला कोड वाचता येत होता, पण संध्याकाळचं दूध कमी आणि दाट असतं हे त्याच्या डोक्यात नव्हतं. चॅटबॉटला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी चॅटबॉटच्या विरोधात नाही, स्वतः रोज वापरतो. वहिनीही नंतर वापरू लागल्या, पण एका ओळीचा अर्थ विचारायला.

दरपत्रक

खरी घासाघीस दरपत्रकात झाली. गाईच्या दुधाचा पाया ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ. त्याच्या वर-खाली दर पॉइंटला दर बदलतो, आणि पॉइंट म्हणजे ०.१. वहिनींनी एसएनएफ तात्पुरतं ८.५ धरून फॅटचा तक्ता डिक्शनरीत भरायचं ठरवलं. डिक्शनरी त्यांना लगेच कळली, कारण दरपत्रक तेच करतं: डावीकडे फॅट, समोर दर. आकडे हातानं भरायच्या ऐवजी त्यांनी लूप लिहिला. ३.० पासून सुरू, दर फेरीला ०.१ मिळवायचा. स्वतःच्या बुद्धीनं लिहिलेला हा त्यांचा पहिला लूप.

मग फॅट ३.३ चा दर मागितला. उत्तर: 'कीएरर'. असं खातंच नाही.

त्यांनी तक्ता छापून बघितला. ३.०, ३.१, ३.२, आणि पुढं ३.३००००००००००००००३. त्याखाली ३.४ ला शेपूट, ३.५ ला शेपूट. ज्याच्यावर सगळा दर उभा तो ३.५ च तक्त्यात नव्हता.

"फॅट मशीन बिघडलं की कॅल्क्युलेटर घेते. आता संगणक बिघडला तर काय घेऊ?"

बिघडलेलं काही नव्हतं. संगणक आत सगळं दोनाच्या घातांत मांडतो. अर्धा, पाव, आठवा हिस्सा त्याला नेमके जमतात. एक दशांश जमत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरा लिहिता येत नाही, ०.३३३ असं चालतच राहतं. तो जवळात जवळची किंमत धरतो, आणि बेरीज करत गेलं की तो कणभर फरक कधीकधी वर दिसायला लागतो. (गमतीची गोष्ट, १९५७ च्या आधीचा आणा, रुपयाचा सोळावा हिस्सा, संगणकाला अगदी नेमका जमला असता. दशमान नाणी आली आणि आपली सोय झाली, त्याची नाही.)

पुस्तकी उपाय 'राउंड' किंवा 'डेसिमल' हा आहे आणि मी तो सांगायला तोंड उघडलंही होतं. त्याआधी त्या म्हणाल्या, "पॉइंटातच ठेवू की. ३.३ कशाला, तेहेतीस पॉइंट." डेअरीवर सगळे पॉइंटातच बोलतात, दोन पॉइंट वाढले, तीन पॉइंट बसले. फॅट पूर्णांकात गेलं. शेपट्या गेल्या. पैशालाही त्यांनी तेच लावलं, दर रुपयात न ठेवता पैशात: ३३०० आणि दर पॉइंटला ३०. बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे अनुभवी लोक रक्कम बऱ्याचदा पैशांत ठेवतात ते याच कारणानं. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

एसएनएफचा दुसरा अक्ष पुढच्या दोन आठवड्यांत आला. त्यात विशेष काही नाही, फक्त टायपिंग.

वही आणि प्रोग्राम शेजारी शेजारी

शेवटच्या तीन बिलांना दोन्ही चालवलं, वही आणि प्रोग्राम. पहिल्या वेळी अकरा खात्यांत फरक आला आणि अकराही प्रोग्रामच्या चुका निघाल्या, बहुतेक दूध न आलेल्या दिवसांच्या. गणपतीतल्या त्या रात्री तोंडी सांगितलेलं रेघेचं वाक्य लिहायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या वेळी तीन खाती.

तिसऱ्या वेळी दोनच राहिली. पहिल्याचं बिल १८४२.५० होतं. केंद्राची रीत अशी, की पन्नास पैसे झाले की वरचा रुपया धरायचा, म्हणजे १८४३. पैशांचे रुपये करून 'राउंड' लावला तर १८४२ येतात. पायथॉनचा 'राउंड' बरोबर मध्यावरची संख्या सम आकड्याकडे नेतो: २.५ चे २, ३.५ चे ४. दर वेळी वरच नेलं तर मोठ्या बेरजेत रक्कम फुगते, म्हणून ती पद्धत. वहिनींना कारण पटलं, पण रीत त्यांनी बदलली नाही. "पन्नास पैशासाठी मी कुणाला दोन, तीन, चार समजावत बसू?" एक 'इफ', म्हणजे अट, लिहून त्यांनी केंद्राचाच नियम घातला.

दुसरा फरक होता १ रुपया ८० पैशांचा, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या दूध घालणाऱ्याच्या खात्यात. वहिनी दीड तास प्रोग्राममध्ये चूक शोधत होत्या. ओळ अन् ओळ पायरीनं चालवली. मला फोन नाही. मग वही काढली आणि त्या खात्याचे वीस गुणाकार परत केले. सात तारखेची संध्याकाळ: ६ लिटर, फॅट ३.९. दर हवा ३४.२०. वहीत ३३.९०, म्हणजे ३.८ चा. दरपत्रकावर बोट एक ओळ वर राहिलं होतं.

रविवारी कॉलवर त्यांनी हे शेवटी सांगितलं, आधी बाकीचं सगळं बोलून झाल्यावर. मी विचारलं, मग काय केलं? म्हाताऱ्याच्या पुढच्या बिलात 'मागील फरक १.८०' अशी ओळ घातलीय म्हणाल्या, आणि प्रोग्राममध्ये ती ओळ छापायला जागा नव्हती, ती केली. शिवाय त्या आता नऊ वर्षांच्या जुन्या वह्या माळ्यावरून काढणार आहेत. दादा नको म्हणतोय.